मातीचा रकाना

2025च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणा, गोदावरी या नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या आणि आठवडाभरात सगळी चर्चा दोन घोषणांवर येऊन अडली. एकीकडून मागणी होती, ‘पंचनाम्याचा घोळ बंद करा, सरसकट मदत द्या.’ दुसरीकडून उत्तर होतं, ‘जनतेचा पैसा आहे, पंचनामा झाल्याशिवाय कसा देणार?’ त्यातच ‘ओला दुष्काळ’ हा शब्द नियमावलीत आहे की नाही यावर आणखी दिवस गेले. माझ्या मते दोन्ही बाजू एकाच गैरसमजावर उभ्या आहेत. पंचनामा म्हणजे मदत मिळण्याचा परवाना, एवढाच त्याचा अर्थ दोघांनीही धरलाय. तातडीची मदत पंचनाम्याविना मिळायला हवी, आणि पंचनामा तरीही व्हायला हवा. तो आजच्यापेक्षा सावकाश, आजच्यापेक्षा खोल आणि गावासमोर व्हायला हवा, कारण नेमकं काय गेलंय हे कळल्याशिवाय गाव पुन्हा उभं करता येत नाही. आपण आज उलटं करतो. आपला पंचनामा मदत अडवण्याइतका लांबतो, पण उभारणीला उपयोगी पडण्याइतका खोल जात नाही.

पाणी ओसरल्यावर मी सीनाकाठच्या एका गावात होतो. नदीला लागून असलेल्या दोन एकरांत सोयाबीन होतं. आता तिथं उघडा मुरूम होता आणि मधेच वाहून आलेल्या ठिबकच्या नळ्यांचं जाळं बाभळीला गुंडाळलेलं. विहिरीच्या काठावरची मोटारीची स्टार्टर पेटी गाळानं गच्च भरलेली. तलाठी भाऊसाहेब फोन उंच धरून रेंज शोधत होते. त्यांच्याकडं चार गावं होती आणि त्या दिवसातलं ते तिसरं शिवार होतं, त्यामुळं त्यांना बोल लावावा असं मला वाटलं नाही. त्यांनी गट नंबर विचारला, पीक विचारलं, बाधित क्षेत्र 0.80 हे.आर. लिहिलं. शेत कसणारी बाई बांधावरच्या लिंबापाशी उभी होती. लिंबाची मुळं उघडी पडली होती आणि बुंध्यावर जुन्या मातीची रेघ स्पष्ट दिसत होती. ती रेघ बाईच्या गुडघ्याच्या वर येत होती. ती म्हणाली, “भाऊसाहेब, माती हितवर हुती. ही कुठं लिवायची?” भाऊसाहेबांनी अर्ज वरून खालपर्यंत पाहिला. तसा रकानाच नव्हता. ते ‘जमीन खरडली’ एवढं लिहून पुढच्या गटाकडं गेले.

हा रकाना नसल्यानं काय होतं, याचा हिशेब मांडून पाहू. एक हेक्टर म्हणजे सुमारे 1 लाख 7 हजार 600 चौरस फूट. त्यावर एक फूट माती घालायची तर हजाराहून जास्त ब्रास माती लागते (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). या बाईच्या 0.80 हेक्टरवरची दोन फूट माती गेली, म्हणजे सुमारे 1,700 ब्रास. सहा ब्रासची हायवा ट्रक धरली तर जवळपास 290 खेपा. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख व रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची कामं धरली. पीक गेलं आणि जमीन गेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सरकारनं मान्य केलं, याचं श्रेय द्यायला हवं. पण रोख रकमेचा हिशेब या शेतापुरता केला तर 37,600 रुपये येतात, म्हणजे ब्रासला 22 रुपये. रोजगार हमीची सगळी कामं मिळाली असं धरलं तरी ब्रासला सुमारे 160 रुपये पडतात, आणि त्यात माती आणायची, पसरायची, बांध घालायचा. शेजारच्या गटात अर्धा फूटच माती गेली असेल तर त्यालाही तेवढेच पैसे. एकाची जमीन दोन हंगामांत सावरेल, दुसरीचं शेत तिच्या हयातीत पूर्वीसारखं होणार नाही, आणि कागदावर दोघांचं नुकसान सारखंच.

सरसकट मदत मागणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा वेळेचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकावी लागते, हरभऱ्याला फार तर नोव्हेंबर मिळतो. दावणीची जनावरं वाहून गेलेल्या, घरातलं धान्य भिजून कोंब फुटलेल्या माणसाला दिवाळीनंतर मिळालेले पैसे म्हणजे एक हंगाम बुडाल्यानंतर मिळालेले पैसे. त्याला ते सावकाराच्या व्याजातच घालावे लागतात. दुसराही मुद्दा खरा आहे. पूर आलेला असताना एका तलाठ्यानं, एका ग्रामसेवकानं आणि एका कृषी सहायकानं शेकडो गट पायी फिरून पिकाचं नुकसान मदतीसाठी लागणाऱ्या 33 टक्क्यांच्या वर आहे की खाली हे ठरवायचं, ही अपेक्षाच अवाजवी आहे. पूर्वी ही मर्यादा 50 टक्के होती, 2015मध्ये ती 33वर आणली, हे चांगलंच झालं. पण 30 टक्के आणि 35 टक्के नुकसान नजरेनं ओळखणारा माणूस अजून जन्मला नाही. त्या पाच टक्क्यांत ओळखीपाळखी, आर्जवं आणि चिरीमिरी यांना जागा मिळते.

म्हणून तातडीच्या मदतीसाठी हा खेळच नको. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, ही मोजणी आपल्याकडं आहेच. पाणी कुठवर पसरलं हे उपग्रहाच्या चित्रांवरून काही दिवसांत कळतं. या दोन गोष्टींवर गावं ठरवा आणि त्या गावातल्या प्रत्येक कुटुंबाला, जमीन असो वा नसो, ठरावीक रक्कम आठवड्याभरात द्या. त्यात काही घरं अशी निघतील की त्यांचं फारसं बिघडलेलं नाही. निघू देत. पूरग्रस्त गावात नुकसान न झालेल्या दहा घरांना चार पैसे जास्त गेले तर राज्य बुडत नाही, पण नुकसान झालेली दहा घरं महिनाभर ताटकळली तर ती बुडतात.

मग सरसकट मदत देऊन विषय संपवावा, असं का म्हणू नये? कारण पंचनाम्याचा आग्रह धरणाऱ्यांच्या म्हणण्यातही एक गाभा आहे, भले ते स्वतः तो नीट मांडत नसोत. ते खोट्या लाभार्थ्यांवर बोट ठेवतात. तो दोष आहे, पण माझ्या लेखी तो दुय्यम आहे. खरा मुद्दा असा की सरसकट वाटप दिसायला समान असतं आणि आतून सगळ्यात जास्त गमावलेल्याला लपवून टाकतं. हेक्टरी दर सारखा ठेवला की ज्याची जमीन जास्त त्याला जास्त मिळतं. ज्याची जमीनच नाही, जो वाट्यानं करतो, जी बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते आणि जिची तीन महिन्यांची मजुरी पिकाबरोबर वाहून गेली, त्यांना त्यात स्थानच नाही. मोजलं नाही तर तंटा होत नाही हे खरं, पण जे मोजलं नाही ते पुन्हा उभंही राहत नाही.

नुकसानीची मोजणी कुणी करायची आणि कशाची करायची, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. 1876-77च्या दुष्काळात सरकारी कागद पिकांचे आणि महसुलाचे आकडे सांगत होते. त्याच वेळी पुण्याची सार्वजनिक सभा आपल्या माणसांकडून जिल्ह्याजिल्ह्यातली हकीकत गोळा करत होती आणि ती सरकारला लेखी कळवत होती. त्यामागं गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसं होती. सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुरीत कपात करून धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं, तेव्हा सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला तो या हकीकतींच्या बळावर. राज्यकर्त्यांना पुरेसं वाटणारं मोजमाप उपाशी माणसाच्या दृष्टीनं अपुरं आहे, हे दाखवायला दुसरी मोजणी लागली. नुसत्या संतापानं ते साधलं नसतं. ‘पंचनामे नकोत’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हेच विचारतो. सरकारनं मोजणं थांबवलं, तर उद्या सरकारचा आकडा खोडून काढायला तुमच्या हातात काय उरेल?

मोजमाप कसं करतो यावर पुढची पन्नास वर्षं ठरतात, याचा पुरावा आपल्या लातूर-धाराशिवातच आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी-सास्तूर परिसर हादरला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवायची असं ठरलं. घर केवढं द्यायचं याचं माप मात्र लावलं गेलं ते जमिनीवरून. भूमिहीन आणि अगदी अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. भूकंपानं कुणाचं घर किती पाडलं, घरात माणसं किती, याचा या मापाशी संबंध नव्हता. सातबाऱ्यावरची उतरंड विटा-सिमेंटमध्ये पक्की झाली. तेव्हाच्या घाईत, एवढ्या मोठ्या आघातानंतर, हाताशी असलेला एकमेव भरवशाचा कागद म्हणजे सातबारा होता, हे मी समजू शकतो. कागद हाताशी होता म्हणून तो माप झाला. आज आपण हेक्टरी दर लावतो, तोही तसाच हाताशी असतो म्हणून.

पण किल्लारीनंच दुसरी वाटही दाखवली. जी गावं हलवायची नव्हती तिथल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. त्यासाठी आधी घर का पडलं हे पाहावं लागलं. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती सुटून कोसळल्या, त्यांखाली माणसं दबली. पुष्कळ घरांत मात्र लाकडी खांब-तुळयांचे खण तसेच उभे राहिले होते. म्हणजे सांगाडा चांगला होता, भिंतीचे दोन थर एकमेकांना धरून नव्हते. उपाय त्यातूनच आला: भिंतीच्या आरपार जाणारे दगड, कोपऱ्यांना बांध, माळवदावरचं मातीचं ओझं कमी करणं. या कामात गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहायक म्हणून घेतलं गेलं. ज्यांना कुणी कधी घराच्या बांधणीबद्दल विचारलं नव्हतं त्या बाया दारोदार फिरून काय मोडलंय, पैसे कशावर खर्च व्हायला हवेत हे समजावत आणि नोंदवत होत्या. नुसतं ‘पूर्ण पडझड’ किंवा ‘अंशतः पडझड’ लिहून हे साधलं असतं का? 2025च्या पुराच्या वेळच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000. या दोन टोकांच्या मधे काहीच नाही. पाया खचलेलं पण छप्पर शाबूत असलेलं घर बाहेरून उभं दिसतं, म्हणून ते 6,500त बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात पडतं.

या उथळपणाचं आणखी एक कारण आहे. आपण मोडलेल्या वस्तूची किंमत मोजतो, थांबलेल्या कमाईची मोजत नाही. लॅटिन अमेरिकेतल्या संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगानं 1970च्या दशकात आपत्तीच्या मूल्यमापनाची जी पद्धत घडवली, तिचा पायाच हा फरक आहे: वस्तूंची हानी वेगळी, त्यामुळं बुडालेलं उत्पन्न आणि वाढलेला खर्च वेगळा, आणि पुढं या दोन्हींवरून काढायची, पुन्हा उभं राहायला लागणारी गरज तिसरी. मराठीत सांगायचं तर म्हैस गेली ही हानी. 2025च्या दरानं तिचे 37,500 रुपये मिळाले. पण रोजचं दूध थांबलं, डेअरीच्या जोरावर घेतलेल्या कर्जाचा हप्ता चुकला, पोराची फी राहिली, हा तोटा. आणि नवी म्हैस बाजारात कितीला येते, ती गाभण मिळते की नाही, कडब्याची गंजी वाहून गेल्यावर तिला चारा कुठला, ही गरज. पंचनाम्यात फक्त पहिली ओळ आहे. चिपळूणकरांनी 2021च्या महापुरानंतर काय मागितलं ते आठवा. दुकानांची भरपाई त्यांना हवीच होती, पण त्यासाठी ते उपोषणाला बसले नाहीत. ते बसले वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा म्हणून. त्यांच्या दृष्टीनं मोडलेली वस्तू नदी होती. कुठल्याही दुकानाच्या पंचनाम्यात नदीचा गाळ बसत नाही.

इथं हटकून तंत्रज्ञानाचा मुद्दा येतो. ड्रोन आहेत, उपग्रह आहेत, ई-पीक पाहणी आहे, मोबाइलवरचे फोटो ग्राह्य धरायची तयारी सरकारनं दाखवली, मग माणसं कशाला फिरवायची? पहिल्या आठवड्याच्या मदतीसाठी ही साधनं उत्तम आहेत, वर मी तेच म्हटलं. पण वरून पाणी दिसतं, पाण्याखाली किती माती गेली ते दिसत नाही. विहीर दिसते, ती किती फूट गाळानं भरली हे दिसत नाही. आणि जमीन कोण कसतं हे तर आकाशातून कधीच दिसणार नाही. माझ्या त्या बाईनं स्वतःच्या दोन एकरांशिवाय पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माणसाचं तीन एकर रान निम्म्या वाट्यानं केलं होतं. बियाणं तिचं, खत तिचं, राबणूक तिची. मदत ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यात गेली. तो माणूस भला असेल, निम्मे पैसे आणूनही देईल. पण सरकारी मदत शेजाऱ्याच्या भलेपणावर सोडायची का? पंच म्हणजे गावाला ठाऊक असलेलं सांगणारी माणसं. ‘हे रान या हंगामात कोण करत होतं’ हे सांगायला गावात पाच माणसं सहज मिळतात. त्या पाच सह्यांसाठी कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या कूळ कायद्याला हात लावायची गरज नाही. पंचनाम्यात ‘या हंगामात कसणारा’ एवढी एक ओळ हवी आणि तिचा उपयोग फक्त पिकाच्या मदतीपुरताच होईल असं त्यावरच छापलेलं हवं. ते छापलं नाही तर जमीनमालक घाबरतील आणि पुढच्या वर्षी बाईला रान मिळणार नाही.

गावासमोर पंचनामा वाचा म्हटलं की एक शंका लगेच येते, आणि ती मला सगळ्यात जड वाटते. ग्रामसभेत बोलतो कोण? ज्याचा ट्रॅक्टर, ज्याची सोसायटी, तोच. वस्तीवरची माणसं मागं उभी राहतात. हे खरंच आहे. पण बंद खोलीत भरलेल्या पंचनाम्यात त्यांना मागं उभं राहायलाही जागा नसते. यादी चावडीच्या भिंतीवर लावली, प्रत्येक ओळीपुढं काय मोजलं आणि काय दिलं हे लिहिलं, तर वाचायला बाई संध्याकाळी एकटीही येऊ शकते. हरकत तोंडी नको, लेखी घ्या, बचत गटामार्फत घ्या. आणि दुसऱ्या मोजणीचा हक्क द्या. जपानमध्ये पालिका प्रत्येक घराच्या नुकसानीचा दाखला देते. तो पटला नाही तर कुटुंब पुन्हा तपासणी मागू शकतं, आणि दुसऱ्यांदा आतून पाहणी होते. 2001च्या भूकंपानंतर कच्छमध्येही घरांची जी1 ते जी5 (किरकोळ नुकसानीपासून पूर्ण पडझडीपर्यंत) अशी प्रतवारी केली, तक्रारी आल्या तिथं पुन्हा पाहिलं, आणि पैसे टप्प्याटप्प्यानं, अभियंत्यानं बांधकाम तपासल्यावर दिले. लोकांनी आपली घरं स्वतः बांधली. तिथं मोजणीनं काम अडलं नाही, तिच्यामुळंच ते मार्गी लागलं.

पैशाचं काय, असा प्रश्न उरतो. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी आपत्ती निधीची विभागणी करताना 40 टक्के तातडीच्या मदतीला ठेवले, 30 टक्के पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीला. म्हणजे या पुराच्या वेळी पुन्हा उभं राहण्यासाठी वेगळा कप्पा होता. पण तो उघडायला आपत्तीनंतरच्या गरजांचं नीट मूल्यमापन लागतं. मातीची खोली, विहिरींचा गाळ, वाहून गेलेले बंधारे, बुडालेली मजुरी, हे गावागावातून लिहून आलं नाही तर राज्य मागणार कशाच्या आधारावर? रोजगार हमीचंही तसंच आहे. किती ब्रास माती भरायची, किती बांध घालायचे हे ठाऊक नसेल तर कामाचा आराखडा कोण करणार, आणि आराखडा नसेल तर भूमिहीनाच्या हाताला काम कुठून मिळणार? 1972च्या दुष्काळानं या राज्याला रोजगार हमी शिकवली. तेव्हा काम मागायला येणाऱ्याला पंचनामा दाखवावा लागत नव्हता, पण काम काढायला मोजमाप लागतच होतं.

त्या लिंबाच्या बुंध्यावरची मातीची रेघ एक-दोन पावसाळ्यांत पुसली जाईल. असे लिंब, बाभळी, विजेचे खांब, विहिरींचे कठडे सीनेच्या दोन्ही काठांवर अजून पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकावर पूर्वीची माती कुठवर होती ते लिहिलेलं आहे. एक टेप, एक वही आणि गावातली पाच माणसं एवढ्यावर ही मोजणी पुढच्या पावसाच्या आत होऊ शकते. सरकारनं अर्जात तो रकाना घालावा. घातला नाही तर गावानं स्वतः मोजावं आणि ग्रामसभेच्या ठरावासोबत तहसीलला नेऊन द्यावं, पोच घ्यावी.